शेवटचा फर्मा

५ मार्च

चि. खारीस,
अ. उ. आ.

तुझ्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यातून आलेली कादंबरी चार दिवसांत संपवली. म्हणजे, संपवता येईल तितकी. आधी स्तुती. अख्खी नदी एका घंटेत कोंडणारा सम्राट, आणि ती घंटा पळवायला निघालेले चौघे! चौतीस वर्षे भूगोल शिकवला, पण आंधळा नकाशाकार मला कधी सुचला नाही. तो तळघराचा आराखडा बोटांनी वाचतो. कुलूप बहिरी लोहारीण उघडते, कारण घंटेची भूल तिच्यावर चालत नाही. दरबारातून हाकललेली तृतीयपंथी गायिका पहारेकऱ्यांना गुंतवते आणि परदेशी खलाशी कोरड्या पात्रात नाव घेऊन थांबतो. नीट पाहा: जगाने ज्याला उणे म्हटले, तेच इथे किल्लीचे काम करते. काय बांधणी आहे!

आता तक्रार. पान ३०४ वर खलाशाची नाव जागेवर नाही, आणि पुढे थेट पुठ्ठा. शिवण तपासली. एकत्र शिवलेल्या सोळा पानांचा शेवटचा फर्मा उसवून काढला आहे; दोऱ्याला पुन्हा गाठ मारली आहे, आणि ती गाठ तुझी आहे. लहानपणी माझा चष्मा लपवायचीस म्हणून तुला खार म्हणू लागलो. अजून तेच?

हृदयाच्या झडपेचे म्हणशील, तर छपराची दुरुस्ती आटोपली की ऑपरेशनची तारीख घेतो.

लोभ आहे, सोळा पाने पोचली की वाढेल.

तुझा काका

१० मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

गाठ ओळखलीत, तेव्हा कबुली देते. फर्मा माझ्याकडे आहे, पुठ्ठ्यांच्या वजनाखाली सुखरूप. ऑपरेशन करून घरी आलात की मिळेल. आधी गुडघा, मग पाहुणे, आता छप्पर! डॉक्टरांनी आणखी थांबू नका म्हणून तिसऱ्यांदा बजावलंय. काकू सांगत होती, जिन्यात अर्ध्यावर थांबता आणि भिंतीचा रंग पाहतोय म्हणता. काका, त्या भिंतीत एवढं आहे तरी काय हो?

गोष्टीचा शेवट न कळता जाणं वाईट, असंही तिला म्हणालात म्हणे. मग जाऊच नका ना. परत या आणि वाचा.

राग आला तरी चालेल, लोभ मात्र सोडू नये.

तुमची खार

२ एप्रिल

चि. खारीस,
अ. उ. आ.

अक्षर वाकडे आहे, सांभाळून घे. झडप बदलून चौदा दिवस झाले. काल घरी आलो. जिना सावकाश, पण न थांबता चढलो. भिंतीकडे ढुंकूनही पाहिले नाही. काकू मागे रडत होती आणि मलाच हसू नका म्हणून दटावत होती. उशीपाशी फर्मा ठेवलेला! म्हणजे तीही तुला सामील.

खलाशी फितूर आहे, हे मी मनाशी तीन पुराव्यांनिशी सिद्ध केले होते. साफ चुकलो. घंटा फुटली की पूर येणार हे ओळखून त्याने नाव गुपचूप घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर नेली होती. ज्याला मी चोरांतला चोर ठरवले, तोच सगळ्यांना घरी नेणार होता. भूगोलाच्या मास्तराला पूर उमजू नये! तुलाही मी चोरच समजलो होतो, नाही का?

आता माझी कबुली. दाखल होण्याच्या आदल्या दिवशी वाचनालयात गेलो होतो. तीच कादंबरी तिथे फळीवर होती, पूर्ण. पान ३०५ पर्यंत आलो आणि मिटून ठेवली. ग्रंथपालबाईंनी नेणार का म्हणून विचारले. घरी एक फर्मा माझी वाट पाहतोय, असे सांगून निघालो.

लोभ आहेच; आता तो वाढवायला वेळही आहे.

तुझा काका