कोतवालाचं बख्तर

९ नोव्हेंबर, सकाळ

आजपासून लिहून ठेवायचं. मोठ्या कामाची नोंद पाहिजे, नंतर लोक विचारतात. काम असं: यादवांच्या काळातलं बख्तर करायचं. खाली चामडं, वर लोखंडी कड्या. शंभर टक्के अ‍ॅक्युरेट. अख्ख्या परभणी जिल्ह्यात तसं कुणाकडं नाही.

मुक्काम येडबामामाच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, देवगाव फाट्याहून आत. मामाला चार दिवस म्हणून सांगितलंय. हाताला कसब आहे. पूर्णेला आयटीआयला फिटर होतो, कसब कोर्स संपायच्या आधीच आलं म्हणून कोर्स सोडला. मग पुण्याची कंपनी, फाट्यावरचं हॉटेल, जेसीबीवर हेल्पर. ती सगळी या कामाची तयारी होती, हे आता लक्षात येतंय.

१० नोव्हेंबर

गावाबाहेर लिंबाखाली वीरगळ आहे. सुतळी लावून माप घेतलं. दगडातल्या वीराच्या अंगावर बख्तर स्पष्ट दिसतं. मामाची दैवशाला म्हणाली, त्या रेघा पावसानं पडल्यात. तिचा अभ्यास नाही. वर म्हणाली, पावणं, तो माणूस मेला म्हणून दगडावर हाय, जगला असता तर कुणी कोरला असता का.

ती मला पावणं म्हणते. मामाच्या पोरीनं असं म्हणण्याचा अर्थ मला कळतो. घाई करायची नाही.

दगडाच्या खालच्या कोपऱ्यात एक कुत्रं पण आहे. त्याच्या गळ्याभोवती काहीतरी आहे. मामा म्हणाला, शेवाळ हाय. बघू.

१४ नोव्हेंबर

सेलूच्या बाजारातून बकऱ्यांची कातडी आणली. बाभळीची साल घालून टाकीत भिजत टाकली. व्हिडिओतला माणूस म्हणतो दोन महिने ठेवा. तो थंड देशातला. आपल्या उन्हाला आठवडा बास.

टाकी मामीची निघाली. नर्मदामामी म्हणाली, भुजंगराव, त्यात मी पाणी भरत असते, आता काय मेंढ्यांसंगं ओढ्यावर जाऊन तोंड लावू का. सॉरी म्हणालो. मोठ्या कामाला पहिला विरोध घरातूनच होतो.

२१ नोव्हेंबर, दुपार

कातडी काढली. मधून अजून पांढरीच आहेत. पिकतील हळूहळू. मेंढ्या कोंडायच्या जाळीशेजारी बाभळ आहे, तिच्यावर वाळत घातली. वास येतो. खरं चामडं म्हटल्यावर यायचाच.

मामा म्हणाला, ही घाण हितून हलीव, वासावर येतंय ते. मी विचारलं, ते म्हणजे लांडगा का? मामानं असं बघितलं, जशी मी शिवीच दिली. तो त्याचं नाव घेत नाही. घेतलं की येतं म्हणतो. ओढ्यापलीकडं सितारामच्या कळपातलं कोकरू गेलंय. ओढा लांब आहे. उद्या हलवतो.

२३ नोव्हेंबर

हलवायचं राहिलं. फाट्यावर फवारणीचा ड्रोन आला होता, तो बघण्यात दिवस गेला. ड्रोनमध्ये फ्युचर आहे. बख्तर झालं की ड्रोन.

२६ नोव्हेंबर

कड्या. तार घ्यायची, सळईवर गुंडाळायची, कापायची, एकमेकीत ओवायची. जुन्या काळी प्रत्येक कडीला रिव्हेट मारायचे. मी सध्या पकडीनं नुसत्या दाबतो, रिव्हेट मागून मारता येतील. तळहाताएवढा तुकडा झाला. दैवशालानं त्यात बोट घातलं आणि कडी उघडली. म्हणाली, गाठोडं सोडायला बी ह्याच्यापेक्षा जोर लागतोय. मी म्हणालो, तलवार बोटासारखी येत नसते. तिला पटलं असावं, गेली.

बाभळीखाली सकाळी पावलं उमटलेली होती. कुत्र्याची. मोठं कुत्रं असणार. मामा उकिडवा बसून लय वेळ बघत होता. मी विचारलं काय बघायलास मामा. उठला आणि जाळीच्या दोऱ्या आवळायला लागला.

३० नोव्हेंबर

प्रॉब्लेम. तार नवी आहे, अ‍ॅक्युरेट नाही. जुनं लोखंड पाहिजे. सगळीकडं शोधलं आणि सापडलं कुठं, तर कोतवालाच्या गळ्यात.

कोतवाल म्हणजे मामाचं कुत्रं. कळपाची राखण त्याच्यावर. त्याच्या गळ्यातला पट्टा मामाच्या आज्यानं निजामाच्या राज्यात लोहाराकडून घडवून घेतलेला, बाहेरून बोटभर खिळे. ते जनावर आधी नरडं धरतं म्हणून. या घरातल्या प्रत्येक राखणीच्या कुत्र्यानं तोच घातला म्हणे. असलं लोखंड आता जन्मात मिळायचं नाही आणि ते कुत्र्याच्या गळ्यात वाया चाललंय.

दुपारी मामा आडवा झाला तेव्हा काढून घेतला. कोतवालानं माझा हात चाटला. म्हणजे परमिशन.

१ डिसेंबर

पट्टा फाट्यावर वेल्डिंगवाल्याकडं नेला. सपाट करून बख्तराच्या खांद्यावर बसवायचा होता. लोखंड जुनं, आच जास्त झाली, अर्धा जळाला. अजून मार, अजून मार असं मीच म्हणत होतो, पण धंदा त्याचा आहे, त्यानं थांबायला पाहिजे होतं. उरलेला तिथंच टाकला. उगाच घरी कुणाच्या नजरेला पडायला नको.

संध्याकाळी मामानं विचारलं, पट्टा कुठं हाय. म्हणालो, सर्व्हिसिंगला टाकलाय. मामा म्हणाला, पट्ट्याची कसली सर्व्हिसिंग रं. म्हणालो, गंज काढतात. मग मामा शेजारी बसला आणि म्हणाला, भुजंगा, माझा एक कान गेला, दुसऱ्यानं कोतवाल तेवढा ऐकू येतो. त्यो भुंकला तर मी उठतो. मेंढ्या व्यायला आल्यात, वर्साचं सगळं ह्या जाळीत हाय. लवकर आण बापा.

एवढं टेन्शन माणसानं घेऊ नये. तब्येतीवर जातं.

५ डिसेंबर

मार्ग निघाला. परत वीरगळीवर जाऊन आलो. कुत्र्याच्या गळ्यातलं ते शेवाळ नाहीच. नखानं खरवडलं, निघत नाही. बख्तर आहे. यादवांच्या काळी कुत्र्यालाही बख्तर होतं. म्हणजे कोतवालाला पट्ट्याहून भारी वस्तू द्यायची. कानाखालून छातीपर्यंत चामडं, वर कड्या. आधी त्याचं करतो, माझं मागून. मामा पट्टा विसरून जाईल.

बाभळीवरचं एक कातडं गेलंय. चोर. कुणाला तरी माझ्या कामाची खबर लागलेली दिसते. मामी म्हणाली, चोराला चार पाय होते, खाली बघा. मामीला प्रत्येकात खोट काढायची सवय आहे.

९ डिसेंबर

फिटिंग झालं. युक्ती अशी: कातडं ओलं असताना अंगावर घालायचं आणि अंगावरच वाळवायचं, म्हणजे बरोबर आकार धरतं. ही मी स्वतः शोधली. कोतवालाच्या गळ्याला ओलं कातडं गुंडाळलं, मागून वादीनं शिवून टाकलं. परत काढायला लागू नये म्हणून टाके दुहेरी.

मामानं हात लावून बघितलं. म्हणाला, ह्याला खिळे कुठंत. मी म्हणालो, मामा, यादवांकडं खिळे नव्हते. मामा म्हणाला, त्यांचं राज्य बी न्हाई ऱ्हायलं.

११ डिसेंबर

ऊन कडक. बख्तर मस्त वाळलं. टिचकी मारली तर ताटासारखं वाजतं. फिटिंग इतकं परफेक्ट की करंगळी आत जात नाही. परवा दोन बोटं जात होती.

१३ डिसेंबर

कोतवालात फरक पडला. भुंकणं बंद. आधी फटफटी गेली तरी आखाडा डोक्यावर घ्यायचा, आता मान ताठ धरून नुसता बघतो. शिस्त आली. बख्तर घातलं की जनावराला सुद्धा जबाबदारी कळते. भाकर टाकली तर हुंगून सोडतो. लढवय्याला भूक कमीच असते.

दैवशाला लोकर कातरायची कातर घेऊन आली. म्हणाली, पावणं, त्याला गिळता येत न्हाई, कापू द्या. मी आडवा आलो. फोटो व्हायचेत अजून. तिनं मामाला बोलावलं. मामा कोतवालाजवळ बसून राहिला, मग म्हणाला, ते हिंडायलंय भवताली, नागडं नरडं ठिवण्यापेक्षा असू दे तवर. पट्टा कधी यायलाय? म्हणालो, सोमवारी.

मामाचा पाठिंबा मिळाला.

१५ डिसेंबर

दोन मेंढ्या व्याल्या. मामी कोकरांना पदरात घेऊन फिरते.

पावलं आता बाभळीखाली नाहीत. जाळीभोवती आहेत. गोल, एकात एक. आता मी पण म्हणतो, लांडगा आहे. रोज येतो, बख्तर बघतो, हिंमत होत नाही, फेऱ्या मारून परत जातो. दुसरा अर्थच निघत नाही. मामाला सांगितलं, घाबरलाय तो. मामा म्हणाला, घाबरायलं न्हाई, मोजायलंय.

१६ डिसेंबर

सोमवार आला. पट्टा तयार आहे पण दुकान बंद होतं, असं सांगितलं.

उद्या पिंगळीला जायचं ठरवलं. तिथं दत्तराव म्हणून एकाकडं जुनी ढाल आहे असं ऐकलंय. ढाल बघितल्याशिवाय माझं काम पुढं सरकत नाही. मामा म्हणाला, चार दिस थांब, अजून लय मेंढ्या व्यायच्यात, हितं डोळे पाहिजेत. मी म्हणालो, कोतवाल आहे की. येताना पट्टा घेऊनच येतो म्हणालो, तेव्हा हो म्हणाला. भाड्याला शंभराची नोट पण दिली. लुगड्याच्या गाठीतून मामीनं सोडून दिली, मामाच्या सांगण्यावरून, माझ्याकडं न बघता.

१८ डिसेंबर, पूर्णा

रेल्वेत डोळा लागला, पिंगळी निघून गेलं. पूर्णेला उतरलो. आयटीआयचा सिद्धोधन प्लॅटफॉर्मवरच भेटला, तो रेल्वेत लागलाय. काल त्याच्याकडंच राहिलो. क्वार्टर चांगलं आहे. रेल्वेची परीक्षा काही अवघड नाही म्हणतो. ड्रोन की रेल्वे, विचार करावा लागेल.

त्याला बख्तराचे फोटो दाखवले. म्हणाला, कुत्रं असं मान वर करून का बसलंय. म्हणालो, रुबाब. तो फोटो मोठा करून बघत राहिला. मग म्हणाला, भुज्या, त्याचे डोळे बघ जरा. मी बघितले. डोळे डोळ्यांसारखे होते.

मामीचे सकाळपासून मिस्ड कॉल. पट्ट्याचं विचारत असणार. उद्या लावतो.

२० डिसेंबर

आखाड्यावर आलो. लिहून ठेवतो, जसं मामीनं आणि सितारामनं सांगितलं तसं.

परवा पहाटे धुकं होतं. हात दिसत नव्हता म्हणतात. ते आलं. एक नव्हतं, दोन तरी होते. मामा जाळीला लागूनच झोपला होता, उठला नाही, कारण कोणी भुंकलंच नाही. जाग आली ती मेंढ्या अंगावरून पळाल्या तेव्हा. व्यालेल्या दोन्ही मेंढ्या गेल्या. कोकरं गेली. गाभण होत्या त्यातल्या काही ओढ्यात सापडल्या, पाय मोडलेल्या.

कोतवाल लढायला मध्ये पडला होता. आवाज नव्हता त्याला, तरी पडला. खांदा फाटलाय. कड्या सगळ्या मातीत सांडल्यात, कोंबड्या टोचा मारून बघतात. पण नरड्याला दात लागलेला नाही, कातडं कडक होतं, दात घसरले. तेवढं मामीला सांगायला गेलो. मामी म्हणाली, बाजूला सर, भांडी घासायचीत.

बख्तर दैवशालानं कातरीनं कापून काढलं. आत गळ्याला चर पडलाय, दोरीनं झाडाला पडतो तसा. सेलूचे जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. ते म्हणाले म्हणे, लांडग्याचं राहू द्या, कुत्रं ह्या कातड्यानंच मरत होतं. जगेल म्हणाले. आवाजाचं काही सांगितलं नाही.

मी तिथं नव्हतो, ही पण एक गोष्ट आहे.

२१ डिसेंबर

मामा पट्ट्याचं विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. चांगलं होतं उत्तर. मामा दिवसभर फाटलेली जाळी विणत बसला. मी दोनदा समोरून गेलो. तिसऱ्यांदा शेजारी बसलो. त्यानं सुताचं टोक माझ्या हातात दिलं, धर म्हणाला, आणि विणत राहिला. विचारतच नाही.

२२ डिसेंबर

म्हणालो, मामा, निघतो मी. मामा म्हणाला, बस. राहिलेल्या मेंढ्या आठ-पंधरा दिसात व्यायच्यात. त्याला वाट कळलीय, ते फिरून येणार. कोतवाल आता आत निजंल. त्याच्या जाग्याला तू.

मी म्हणालो, मला कुठं भुंकता येतं मामा. कुणी हसलं नाही. दैवशाला म्हणाली, वरडता येतंय न्हवं. ती पावणं म्हणाली नाही.

मामीनं घोंगडी आणून टाकली. कोतवालाच्या जागेवर.

२३ डिसेंबर, दिवस मावळताना

जाळीच्या बाहेर बसलोय. अंगात स्वेटर आहे. माझं बख्तर व्हायचं राहिलं.

मामा पलीकडं आडवा झालाय, चांगला कान वर करून. झोपायच्या आधी म्हणाला, आलं की वरड, लाजू नको, पार पोटातनं वरड. मी विचारलं, आलेलं कळणार कसं. मामा म्हणाला, कोतवालाला कळायचं.

ओढ्याकडून धुकं यायलंय. अक्षर दिसत नाही नीट.

एकदा वरडून बघितलं. मेंढ्यांनी मान वर केली नाही. मामा हलला नाही.