कॉलेजच्या अंकातली आई

नवापूर, ता. ७ नोव्हेंबर १९३७

चि. इसहाक यास शांतीबाईचे अनेक आशीर्वाद व सलाम. वि. वि.

तू धाडलेला कॉलेजचा पंचविसाव्या वर्षाचा अंक पोचला. तुमच्याकडून शिकून गेलेली माणसं कुठवर गेली ते वाचून छाती फुगली. एक धुळ्याला मुन्सफ, एक बडोद्याला बडा अधिकारी, एक विलायतेत. आणि त्यांच्याच रांगेत आपला इसहाक शमुवेल, बी. ए., त्याच कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारा. माझ्या शाळेतल्या पोरींना मी तेवढी ओळ दोनदा वाचून दाखवली.

रविवारी अंक घेऊन आईकडे गेले. रूपसिंगबाबाच्या खळ्यावर भात झोडायला सारी आळी जमली होती. म्हाताऱ्या करमसिंगनं काम थांबवलं, म्हणाला आपल्या पोराचं काय छापलंय ते ऐकू द्या. मी मराठीतून वाचत होते आणि आपल्या बोलीत सांगत होते. त्या भरात पुढं छापलेलंही सांगून बसले की आईबाप लहानपणीच वारल्यामुळे हा मुलगा मिशनच्या आश्रयाला आला. आई समोर सूप घेऊन बसली होती.

बाप वारला हे खरं. आईला कुणी मारलं? छापणाऱ्याची चूक असेल तर तसं लगेच लिही. मी देवाजवळ तेवढंच मागते आहे.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी बहीण, शांती

पुणे, ता. १५ नोव्हेंबर १९३७

ती. शांतीबाईच्या सेवेशी धाकट्या इसहाकचे सलाम. वि. वि.

चूक छापणाऱ्याची नाही. पहिल्या वर्षी वसतिगृहात आलो तेव्हा प्रिन्सिपॉलसाहेबांनी सर्वांसमोर विचारले, घरी कोण कोण आहे. मी काय सांगायचे होते? वडील गेल्यावर वर्षाच्या आत आई रूपसिंगच्या घरी नांदायला गेली, असे? इथल्या मुलांच्या घरच्या विधवा माजघराबाहेर येत नाहीत. त्यांनी आईला काय नावे ठेवली असती ते तुला लिहवत नाही. मी तिची अब्रूच राखली.

तू तरी खळ्यावर कशाला वाचलेस? अंक तुझ्यापुरता होता. माझी नेमणूक अजून कायम झालेली नाही, जानेवारीत ठरेल. आता खरे सांगायचे म्हणजे इतकी वर्षे खोटे बोललो हे कबूल करणे आले. आईची समजूत तू घाल. तिला अक्षर कळत नाही, विसरून जाईल.

रागावू नये, पूर्वीसारखी माया असू द्यावी.
तुझा, इसहाक

नवापूर, ता. २२ नोव्हेंबर १९३७

इसहाक,

आज मायना लिहायला हात वळत नाही, तो तूच घालून घे.

आईची अब्रू राखलीस म्हणतोस. ती गेली कुठं होती रे? आपल्यात बाई एकटी पडली की पंचांसमोर, चारचौघांत दुसरं घर करते. त्यात आजवर कुणी मान खाली घातली नाही. बोर्डिंगात तुला ताप भरला तेव्हा हाच रूपसिंगबाबा तुला पाठीवर घेऊन घरी आला होता. लाज तुला कॉलेजानं शिकवली, आणि त्या विषयात तू पहिल्या वर्गात पास झालास.

आणि अक्षर कळत नाही म्हणून ती विसरेल? अरे, अक्षर कळत नाही म्हणूनच ऐकलेलं सारं तिच्या डोक्यात राहतं. मी सांगितलेलं वाक्य ती रोज जसंच्या तसं म्हणते, भाकरी थापताना म्हणते. रूपसिंगबाबा चार माणसांत बसेनासा झाला आहे. आपण हिला घरात आणलं म्हणून पोरगं तुटलं, असं त्याच्या मनानं घेतलं आहे.

नाताळला ये. प्रिन्सिपॉलचं तू काय ते बघ. पण आळीसमोर आईजवळ बस आणि तुझ्या तोंडानं सांग की ही माझी आई. तेवढ्यावर ती भागवून घ्यायला तयार आहे.

माया हवी असेल तर येऊन घेऊन जा.
शांती

पुणे, ता. १८ डिसेंबर १९३७

ती. शांतीबाईस सलाम. वि. वि.

नाताळात प्रिन्सिपॉलसाहेब मला मुंबईच्या सभेस बरोबर नेत आहेत. नाही म्हणणे शक्य नाही, माझी नेमणूक त्यांच्या हाती आहे. उन्हाळ्यात पाहू. आईसाठी लुगडे पाठवले आहे, चांगले आहे. तिला सांग की मनात काही आणू नये.

लोभ कमी करू नये.
इसहाक

नवापूर, ता. ९ जानेवारी १९३८

इसहाक यास,

लुगडं पोचलं. नाताळचे दोन्ही दिवस आई स्टेशनावर जाऊन सुरतेकडची गाडी बघून आली. तिसऱ्या दिवशी तिनं आळीला जेवायला बोलावलं. लोकांना वाटलं नव्या भाताचं जेवण. सगळे बसल्यावर करमसिंगनं विचारलं, की जेवण कशाचं. ती म्हणाली, माझा पुण्याचा मुलगा गेला, त्याचा दिवस आहे. मग एकेकाला आपल्या हातानं वाढत गेली. कुणी घास उचलेना, तेव्हा तीच ओरडली, की पानावर बसलात तर जेवा. तुझं लुगडं तिनं आळीतल्या फुलवंताबाईला देऊन टाकलं, गेलेल्या माणसाच्या वस्तू देतात तसं. रूपसिंगबाबा रडला. ती रडली नाही.

मी तिच्याशीही भांडले. म्हटलं, जिवंत पोराचा दिवस कुणी घालतं का. ती म्हणाली की त्यानं छापून सांगितलं, मी जेवू घालून सांगितलं. तुला तर्कशास्त्र येतं, यावर उत्तर सुचलं तर बघ.

नेमणूक कायम झाली असेल. पुढच्या अंकात पुन्हा पोरकाच छापू दे. आता ते खोटं राहिलेलं नाही.

शांती