मामांची झोप आणि चिमणीचे कान

दि. ३ जून

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

चिमणी घरी सुखरूप आहे. वेळेआधी जन्मल्यामुळे तिच्या तपासण्या मात्र सुरूच आहेत. डोळ्यांचे डॉक्टर समाधानी आहेत, वजनही भरते आहे. काळजी कानांची. टाळी वाजवली तरी दचकत नाही. ती तपासणी झोपेतच करावी लागते आणि ही बया त्या शांत खोलीत टक्क जागी राहते. दोनदा तसेच परतलो. घरातही आम्ही चोरपावलांनी वावरतो, तरी तिचा डोळ्याला डोळा लागत नाही. उशीर केला तर पुढे बोलणे मागे पडू शकते, असे कानांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मंगळवारी पुन्हा बोलावले आहे. ह्यांना रजा नाही. सोबतीला याल का?

आपली भाची

दि. ७ जून

चि. सौ. भाचीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. येतो. दिलेली वेळ चुकवणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून आदल्या रात्रीच निघेन. प्रवासात इतरांनाही झोपू द्यावे, अशी सूचना तुझ्या मामींनी केली; तिची मी दखल घेतलेली नाही. लग्नघरांत माझे अंथरूण कोठीत पडते, तेवढा मान पुरे आहे.

तुझा मामा

दि. १४ जून

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

निरोप देताना सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते. दवाखान्याच्या बाकावर तुमचा डोळा लागला आणि तुम्ही घोरू लागलात. सारी रांग वळून पाहू लागली. मी शरमून तुम्हाला कोपराने ढोसणार, तोच मांडीवर पाहते तर चिमणी गाढ झोपलेली. डॉक्टरीणबाईंनी मला खुणेनेच थांबवले. काचेच्या पेटीत, यंत्रांच्या घरघरीत वाढलेल्या लेकराला आपली शांतताच परकी वाटत असेल, असे त्या म्हणाल्या. तुम्हाला तसेच घोरत ठेवून तिला अलगद आत नेले, दार लावले आणि तपासणी पुरी झाली. दोन्ही कान उत्तम आहेत, मामा. मी तिथेच रडले. तुम्ही त्यानेही जागे झाला नाहीत.

आता घरात मिक्सर फिरतो आणि ही झोपते.

आपली भाची

दि. १९ जून

चि. सौ. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी मामींना खणखणीत आवाजात वाचून दाखवले. घोरण्याचा परिच्छेद दोनदा. रात्री त्या, कित्येक वर्षांनी, आपली उशी घेऊन माझ्या खोलीत आल्या. पहाटेपर्यंत टिकल्या नाहीत, ही बाब अलाहिदा.

पुढील तपासणीची तारीख कळवावी. भरपेट जेवून येईन.

चिमणीवर आहे तसाच लोभ माझ्या झोपेवरही असू द्यावा.

तुझा मामा