अण्णांचं शून्य

४ फेब्रुवारी, मंगळवार
जमलं! सलग तीस पट्ट्या, एकही वाया नाही. नॅनोट्यूबच्या शाईचा थेंब पिपेटने सोडायचा, वाळू द्यायचा, वर सोन्याचे कण. नुसत्या डोळ्यांना काळा ठिपका दिसतो, बस. पण हृदय थकलं की रक्तात जे प्रथिन वाढतं, ते या ठिपक्यावर अडकतं आणि करंट बदलतो. बोटातलं थेंबभर रक्त, दहा मिनिटांत आकडा. सर म्हणाले, "हात बरा आहे तुझा." सरांच्या तोंडून 'बरा' म्हणजे फार झालं.

७ फेब्रुवारी
पट्टी म्हाताऱ्यांसाठी, म्हणून शून्य ठरवायला निरोगी म्हाताऱ्या माणसाचं रक्त हवं. घरी आमच्या अण्णांनी ऐकलं मात्र, बाही वर! जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली, अडुसष्टाव्या वर्षी एकही गोळी नाही, रोज सहा किलोमीटर चालणं. "माझ्याइतका ठणठणीत कोण सापडणार तुम्हाला?" फॉर्मवर सही करताना छाती अशी पुढे काढली की नर्सबाईंना हसू आवरेना.

त्यांच्या रक्तात ते प्रथिन नाहीच असं धरायचं. मग त्यात मोजूनमापून प्रथिन मिसळत जायचं आणि कितीला किती करंट ते आखायचं. सर म्हणाले, "यांचं आधी हॉस्पिटलमध्ये तपासून घ्यायचं का?" मी म्हटलं, "सर, जिन्यात दम मला लागतो, त्यांना नाही." विषय संपला.

१५ फेब्रुवारी
अण्णा अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटलेत — "लेकीच्या यंत्रात मी शून्य आहे." आई म्हणाली, "मला हे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

२० फेब्रुवारी
जिन्यात दुसऱ्या मजल्यावर अण्णा वाकून थांबले. "लेस बांधतोय." पायात चप्पल! या वयात विनोद सुधारलाय त्यांचा.

३ मार्च
आखलेली रेषा फूटपट्टीसारखी सरळ आली. कागद घरी नेला. अण्णांनी चष्मा लावला, डाव्या कोपऱ्यात जिथून रेषा सुरू होते तिथे बोट ठेवलं — "हा मी." कागद आता कपाटाच्या दारावर चिकटवलाय. मीही येता-जाता बघते. खोटं कशाला बोलू.

१२ मार्च
परीक्षा. हॉस्पिटलने चाळीस नमुने दिले, नावं झाकून. एकीकडे त्यांचं खोलीभर मशीन, दुसरीकडे माझी बोटभर पट्टी. आकडे जुळले तर पट्टी लहान दवाखान्यांत जाईल, जिथे असं मशीन कधीच पोचणार नाही. नाही जुळले तर प्रकल्प गुंडाळणार, हे सरांनी आधीच सांगितलंय. तीन वर्षांचं काम.

१४ मार्च
नापास. सगळेच आकडे कमी. सहा तर शून्याच्याही खाली — रक्तात उणे प्रथिन कसं असेल? सरांनी आकड्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला. रागावले असते तर परवडलं असतं.

अण्णांनी विचारलं. म्हटलं, निकाल यायचाय.

१८ मार्च
शाई पाहिली, सोनं पाहिलं, प्रथिनाला पकडून ठेवणाऱ्या अँटिबॉडीची बाटली बदलली. सगळं जिथल्या तिथे. माझा हात चुकलेला नाही. हे घमेंडीने नाही, आकडे बघून लिहितेय. बरं, थोडं घमेंडीनेही.

१९ मार्च
सकाळी चहा घेताना मशीनचे आणि पट्टीचे आकडे शेजारी शेजारी मांडले. चाळीसही ठिकाणी आमचा कमी, आणि सगळीकडे सारख्याच अंतराने. चारशेच्या आसपास. पट्टी बिघडली असती तर कुठे कमी, कुठे जास्त, असा गोंधळ दिसला असता. सगळे एकाच मापाने खाली सरकलेत, म्हणजे खोट पट्टीत नाही. शून्यात आहे.

कप तसाच ठेवून लॅब गाठली. फ्रीजरमधली अण्णांच्या रक्ताची नळी काढली, हॉस्पिटलच्या मशीनवर लावून घेतली. डॉक्टरबाईंनी आकडा पाहिला आणि विचारलं, "कुठल्या पेशंटचं हे?"

चारशे दहा.

आमच्या प्रत्येक आकड्यात चारशे दहा मिळवले. चाळीसही जुळले. केवढा आनंद व्हायला हवा होता. मी बाहेर बाकावर बसून रडले. सर तपासायला सांगत होते, आणि मी त्यांना जिन्याची गोष्ट ऐकवली. वीस फेब्रुवारीचं पान मघाशी उघडलं, दोन ओळींवर नजर गेली आणि वही मिटली.

२० मार्च
अण्णांना समोर बसवून सगळं सांगितलं — हृदय थकलंय, उद्यापासून तपासण्या, डॉक्टरबाई म्हणतात लवकर कळलंय, औषधाने आटोक्यात राहील. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग कपाटावरच्या कागदाकडे बघत विचारलं, "म्हणजे तुझी पट्टी चाळीसच्या चाळीस बरोबर?"

"एक्केचाळीस, अण्णा."