फोर्ट वेनचा मॅग्नेट

९ नोव्हें., रवि.
आधी आल्या विहीणबाई, मागून दोन बॅगा, नि व्याही सगळ्यात शेवटी, कारण टॅक्सीवाल्या सरदारजीशी गप्पा संपेनात. सुनेचे, म्हणजे मुग्धाचे आईवडील. माझ्यासारखेच परदेशात मुलाकडे असतात, पण तिकडे अमेरिकेत, फोर्ट वेन म्हणून गाव आहे. आठ दिवस राहणार. घर भरलं, मला आनंदच. पुरणपोळ्या केल्या. वि.बा. (पुढे असंच लिहीन, बोटं दुखतात) चार खाऊन म्हणाल्या, "आमच्या फोर्ट वेनला पुरणयंत्रसुद्धा मिळतं हो." विचारलं होतं का कोणी?

नातीला, इराला, फ्रिजला लावायचा मॅग्नेट आणलाय, त्यावर त्यांच्या गावाचा नकाशा. संध्याकाळी बघते तर तो मधोमध, नि माझा नि ह्यांचा कराडच्या घाटावरचा फोटो पार खाली. वाकून बघावं लागतं. इराचं काम. पोर आहे, काय बोलायचं.

१० सोम.
इराला शुक्रवारी वर्गात बोलायचंय, आपले नातेवाईक राहतात त्या गावाबद्दल. वि.बा. शाळेत बाई होत्या, मग काय. फोर्ट वेन इंडियाना राज्यात दोन नंबरचं शहर. अ‍ॅलन कौंटीचं मुख्य ठिकाण. कौंटी म्हणजे जिल्हा, नि तो राज्यात सगळ्यात मोठा. भोवती मका नि सोयाबीन. तीन नद्या.
इरा म्हणे, "आजी, इज कराड अ डिस्ट्रिक्ट?"
मी म्हटलं, तालुका.
वि.बा. हसून, "हो, तालुकाच." तो 'च' अजून कानात आहे.
मी चौथी पास. पण विचारलं, फोर्ट म्हणजे किल्ला ना, मग किल्ला आहे का? म्हणाल्या, मूळचा नाही राहिला, तसाच नवा बांधलाय. म्हणजे नकली! बरं वाटलं, दोन मिनिटं.
जेवताना व्याही म्हणाले, डिसेंबरच्या सुट्टीत इराला आमच्याकडे पाठवा, सहा आठवडे, बर्फ बघेल. इरा, "कॅन आय?" अभि म्हणाला, तुझं तू ठरव. माझा मुलगा असून! सहा आठवडे. आमटी आळणी लागली. मीठ होतं, मुग्धा म्हणाली.

११ मंगळ.
वाईट केलं. सगळे बीचवर गेल्यावर मॅग्नेट तूरडाळीच्या डब्यामागे ठेवला. फोटो वर चिकटपट्टीने लावला. देवापुढे बसले तर डोळे मिटवेनात.

१३ गुरु.
इरा रडून लाल. नद्या काढायच्या, नकाशा सापडेना. "आजी, हॅव यू सीन इट?" नाही गं बाई म्हटलं. जीभ झडली नाही.
मग राहवेना. स्टीलचं ताट घेतलं, दोन हातात दोन भांडी. ही बघ कृष्णा, ही कोयना, अशा समोरासमोर येतात, धडकतात, नि मग एकीकडे वळून पुढे. पाणी ओट्यावरून खाली माझ्या पायावर. इरा ओरडली, "दॅट्स फोर्ट वेन!" म्हणजे त्यांच्याकडेही दोनच येतात, सेंट जोसेफ नि सेंट मेरीज. तिसरी मॉमी, ती तिथून निघते. वि.बा. म्हणाल्या, "अगोबाई, मी समजत होते तिन्ही येऊन मिळतात. इतकी वर्षं राहून!"
ताट माझं, कृष्णा माझी, नि मान फोर्ट वेनचा. जळलं मेलं. तरी मॅग्नेट काढून दिला. डब्यामागे पडला होता बघ, म्हटलं.

१४ शुक्र.
ताट शाळेत घेऊन गेली! परत आल्यावर, "एव्हरीवन क्लॅप्ड." माझं नाव घेतलंस? "येस आजी." तीनदा विचारलं. शेवटी म्हणाली, "आजी, स्टॉप." शिरा केला. वि.बा.ना पण दिला, तूप जास्त घालून.

१७ सोम.
गेले. वि.बा.ची ओटी भरत होते तर हळूच म्हणाल्या, "मॅग्नेट तुम्हीच ठेवलात ना? बुधवारी पोहे करताना दिसला मला."
मी नारळ हातात घेऊन तशीच. म्हटलं, मग पोर रडली तरी बोलला का नाहीत?
"कुठल्या तोंडाने? तुमचा फोटो खाली मी सरकवला होता. इराने नाही." मग पदराशी चाळा करत, "तुम्हाला ती रोज दिसते हो."
पदरात नारळ घातला. मूठभर तांदूळ जास्त.
इराने अजून हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. निळी बॅग मात्र गॅरेजमधून आत आणून ठेवलीय. मी विचारलं नाही.
चिकटपट्टी सुटली, फोटोला आता तोच मॅग्नेट लावलाय.
वि.बा. गाडीतून म्हणाल्या, पाडव्याला परत येते, नक्की. कॅलेंडरात बघितलं. १९ मार्च, गुरुवार.