गाडीची बॅटरी

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

दादा,

फोन मी कापला. रेंज गेली नव्हती. "होडी विकून टाक, बाबांना ओझरला आण, विषय संपला," असं तू म्हणालास आणि मी लाल बटण दाबलं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. शुभांगी वहिनी बरी असेल. आम्ही बरे नाही.

बाबांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, आता जाणारही नाही. काल त्यांनी भाकरी डाव्या हाताने खाल्ली. तोडून देऊ का विचारलं, तर म्हणाले, "मी काय तान्हा हाय?"

हे तुझ्या बॅटरीने झालं.

श्रावणात जुनी बॅटरी संपली तेव्हा मी तुला चिठ्ठी लिहून दिली होती. इन्व्हर्टरला लावतात तसली, जाड प्लेटांची. ती तासन्‌तास हळूहळू वीज देते, अर्धी रिकामी झाली तरी पुन्हा भरते. होडीच्या मोटरला तीच लागते. गाडीची बॅटरी इंजिन चालू करताना दोन सेकंद जोर लावते, मग इंजिनच तिला भरतं. तिच्या प्लेटा पातळ. रोज रिकामी केली तर दोन-तीन महिन्यांत मरते. तू गाडीची आणलीस. मित्राच्या गॅरेजातून, वर नवं स्टिकर लावून. मी बोलले तर हसलास.

"बारा व्होल्टची आहे ना? मग बॅटरी ती बॅटरी. मी विमानाच्या कारखान्यात आहे, तृप्ती. तू शाळेत कविता शिकव."

मी कविता शिकवते. आणि रोज संध्याकाळी बॅटरी होडीतून घरी आणून चार्जिंगला लावते. झाकणं उघडून पाणी बघते, डिस्टिल्ड वॉटरच घालते, टोकांवरचा पांढरा थर पुसून व्हॅसलीन लावते. बॅटरी भरली की तिचं पाणी काचेच्या नळीत ओढायचं. नळीतला तरंगता काटा हिरव्या पट्ट्यात यायला हवा. दिवाळीनंतर तो लाल पट्ट्यातून हलेना. तुला फोटो पाठवला. तू अंगठा पाठवलास.

आता शुक्रवारचं. तुला सांगितलं ते सगळं खरं नाही.

बाबा सकाळी जाळी उचलायला निघाले. धरणाच्या मध्यावर मोटर बंद पडली. मग वारा सुटला आणि होडी पलीकडच्या बुडालेल्या बाभळींत जाऊन अडकली. बसायची फळी उपटून बाबा तिने पाणी मारत राहिले. त्याच दुखऱ्या खांद्याने. चार वाजता बारकूने आपली होडी नेऊन त्यांना बाहेर काढलं.

तू विचारलंस, वल्ही कुठे होती? मी म्हटलं, चोरीला गेली. बाबाही तेच म्हणतात.

वल्ही कणगीमागे आहेत. मी ठेवली.

या खांद्याने वल्हवायचं नाही, असं कळवणच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यातच बजावलं होतं. बाबा ऐकत नव्हते. मोटर असून जाताना वल्हवायचे, आणि विचारलं की म्हणायचे, "बॅटरी वाचवतो." म्हणून गेल्या आठवड्यात सोमवारी मी वल्ही उचलून आणली. बाबांनी दिवसभर शोधली. संध्याकाळी बारकूच्या दारात जाऊन ओरडले.

"तुझं वल्हं मोडलं म्हणून माझी नेली व्हय?"

"झिपरूभाऊ, तीस वर्सं आपण एका पाण्यात जाळं टाकतो."

"म्हणूनच तुला ठाव, मी कुठं ठेवतो ते."

मी तिथे उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. बाबा वल्ही परत मागतील म्हणून मी ते बोलले नाही.

शुक्रवारी बारकूने सकाळपासून बाबांची होडी बाभळींपाशी पाहिली. एरवी तो लगेच गेला असता. मला म्हणाला, "ताई, वाटलं, जवळ गेलो तर पुन्हा चोर म्हणतील." दुपार टळेपर्यंत तो आपलीच जाळी सोडवत बसला. मग त्याला राहवलं नाही.

काटा लाल पट्ट्यात आहे, हे मला माहीत होतं. फोटो नीट पाहिला नाही, असं तू म्हणू शकतोस. मला ती सोय नाही.

पण त्याने तुझ्यावरचा राग कमी होत नाही. तू बाबांना तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवशील, गॅलरीत खुर्ची टाकशील, आणि चार लोकांना सांगशील की वडिलांना सांभाळतो. तिथे तुझी चूक दिसणार नाही. माझीही नाही. म्हणूनच मी त्यांना पाठवणार नाही. डाव्या हाताने मोटरचा दांडा धरता येतो. जाळी ओढायला दुसरा माणूस लागेल, आणि या धरणावर बाबांचं ऐकून घेणारा माणूस एकच आहे.

चिठ्ठीत लिहिली होती ती बॅटरी घेऊन ये. सोबत कारणं आणू नकोस.

वल्ह्यांचं बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला लिहिलं, कारण तुझ्यावर ओरडता येतं.

तुझीच बहीण,
तृप्ती

गुरुवार, सकाळ. बाबांना सांगितलं. चहा अर्धा ठेवून ते उठले आणि बारकूच्या घरी गेले. बारकू पाण्यावर होता. बाबा त्याच्या दारात बसून राहिले.