शेषशय्या झालेले ऑपरेशनचे टेबल

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब,
ठाणे.

विषय : खारेटेंभी आरोग्य केंद्रातील ऑपरेशनची खोली न हलविण्याबाबत व डॉक्टरीणबाईंना पुन्हा पाठविण्याबाबत.

संदर्भ : १) 'खोली वापरात नसल्याने सामान अन्य केंद्राकडे हलवावे' असे आपले पत्र.
२) गतवर्षीचा आमचा तक्रार अर्ज (तो खोटा आहे, खुलासा पुढे).

महोदय,

खाली सही करणार धर्मा जानू घरत, राहणार खारेटेंभी, ता. वसई, धंदा भातशेती, तसेच गावच्या नाट्य मंडळाचा अध्यक्ष, लाज गिळून अर्ज करतो की, माझी सून खुशी हिचे पहिले बाळंतपण पोट कापून झाले. आता तिला पुन्हा दिवस गेले असून होळीच्या सुमारास ती मोकळी होईल. याही वेळी ऑपरेशनच करावे लागेल आणि कळा सुरू झाल्यावर लांबचा प्रवास नको, असे केंद्राच्या ग्रेसी सिस्टरांनी बजावले आहे. नेमके अशा वेळी आपण खोलीच उचलून नेण्याचे ठरविले आहे.

१) खोली वापरात नाही असे आपण म्हणता. साहेब, खोटे कशाला बोलू, ती फारच वापरात आहे. खोली झाली, सामान आले, पण कापणारे आणि भूल देणारे असे दोन्ही डॉक्टर एकदम आडगावी यायला मिळेनात. सामान पडून राहिले. आमच्या खाडीकाठी पडून राहिलेली वस्तू डोळ्यांना खुपते. कोणाची होडी रिकामी दिसली की दुसरा ती घेऊन जातो आणि काम झाले की जागेवर आणून बांधतो. त्याला इथे कोणी चोरी म्हणत नाही. त्याच रीतीने टेबलावरचा मोठा दिवा आम्ही जत्रेच्या नाटकाला नेला. उजेड उत्तम पडला.

२) मग चटक लागली. हिरव्या चादरींचे स्टेजवर अरण्य झाले. हवा थंड करण्याचे यंत्र गणपतीच्या कारखान्यात गेले, कारण उकाड्याने मूर्तींचे रंग ओघळत होते. कात्र्या-सुऱ्या वाफवायचा डबा माझी बहीण बायजा मोदक उकडायला घेऊन गेली. आता परत मागायला गेलो, तर म्हणते, "मोदक खाताना कोनी नाय विचारलं, भांडं कोनाचं ते." तिचे म्हणणे खरे आहे. अकरा मोदक मीच खाल्ले होते.

३) टेबलाचे सांगायला जीभ रेटत नाही. ते पायाने दाबले की वर चढते. आम्ही त्याला नागाचे फणे जोडून शेषशय्या केली. विष्णूचे काम आमच्या मंडळातल्या बळीरामचे. पडदा उघडला की विष्णू निजल्या निजल्या वर जाई. हे पाहायला उमेळ्यापर्यंतची माणसे येत. त्याबद्दल अध्यक्ष म्हणून गावाने मला हार घातला आणि मी मान पुढे करून तो घेतला.

४) गतवर्षी चैत्रात, ऐन जत्रेत, आपण डॉ. संपदाबाई व भूल देणारे डॉक्टर यांना खरोखर पाठविले. आगाऊ कळविलेही होते. आम्ही म्हटले, येतात कसले. बाईंनी खोली उघडली, तर आत राजवाड्याचा पडदा आणि राक्षसांचे मुखवटे. टेबल कुठे आहे असे त्यांनी विचारले. मी सांगितले, स्टेजवर. वर प्रमुख पाहुण्या म्हणून नाटकाला थांबा असा आग्रह केला आणि हातात नारळ दिला. बाईंनी नारळ पायरीवर ठेवला आणि दोघेही आल्या पावली परत गेले.

त्याच जत्रेत, नाटक चालू असताना, बळीरामची बायको कमळी बाळंतपणात अडली. तिला टेम्पोत घालून शहरात नेले. बळीराम अंगावरच्या निळ्या रंगासकट टेम्पोत चढला. कमळी वाचली, मूल वाचले नाही.

५) यानंतर मी जे केले त्याला माफी नाही. सरकार डॉक्टरच पाठवत नाही, असा तक्रार अर्ज मी स्वतः लिहिला, मोर्चा काढला आणि अर्जावर पहिली सही बळीरामला करायला लावली. त्याने केली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तेव्हापासून मन खाते. बळीराम बांधावर दिसला की मी दुसऱ्या वाटेने जातो. सदर तक्रार मी मागे घेत आहे.

६) सामान परत लावणे सुरू आहे. दिवा टांगला. यंत्र आणले. चादरी सिस्टरांनी समोर उभे राहून उकळून घेतल्या. डबा बायजाने राखेने घासला, तरी वेलचीचा वास जात नाही. टेबलाचे फणे वेल्डिंगचे असल्याने ते सातिवलीच्या एका गाळ्यात कापायला दिले आहे. दोन फणे अजून निघायचे आहेत. मंडळ बंद करावे, माझ्यावर खटला भरावा, तक्रार नाही. पण खोली नेऊ नये. तपासणीला संपदाबाईच याव्यात आणि त्यांना जे बोलायचे असेल ते गावासमोर मला बोलावे.

७) आता शेवटचे. आमच्यात पहिले बाळंतपण माहेरी, दुसरे सासरी. तरीही खुशीची आई चांदीपहून आली होती, तिला मुंबईला मामाकडे, मोठ्या इस्पितळाजवळ नेते म्हणून. मी ओटीवर उभा राहून ऐट केली की, आमच्या गावात खोली तयार आहे, डॉक्टरीणबाई येतात, घरतांची सून दुसऱ्याच्या दारी कशाला जाईल. विहीणबाई परत गेल्या. अजूनही खुशीला मुंबईला पाठविता येईल, पण त्यासाठी तिला खरे सांगावे लागेल, आणि ते धैर्य नाही म्हणून आधी आपणास सांगत आहे. नकार असला तरी लवकर कळवावा, म्हणजे वेळ हातची जाणार नाही. परवा तिने विचारले, मामंजी, बाई कोणत्या वारी येतात. मी म्हटले, बुधवारी. तिने समाधानाने मान हलविली आणि भाकऱ्या थापायला गेली.

तरी साहेब, एखादा तरी बुधवार द्यावा, ही विनंती.

आपला अपराधी व नम्र,
(सही)
धर्मा जानू घरत

खारेटेंभी, दि. १२ जानेवारी १९९९

सोबत : ग्रेसी सिस्टरांनी दिलेली खुशीच्या तपासणीची चिठ्ठी.